चावी कुणाच्या हातात?

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)

राजारामपुरीत राहणाऱ्या माणसाला पत्ता सांगायला फार शब्द लागत नाहीत. गल्लीचा नंबर सांगितला की काम भागतं. पाचवी गल्ली, नववी गल्ली म्हटलं की रिक्षावाला पुढचं काही विचारत नाही. प्रत्येक गल्लीचं आपलं मंडळ, आपला कट्टा आणि आपली जुनी जाणती माणसं. गणपतीच्या आगमनाच्या मिरवणुकीत मंडळांची एकमेकांशी चुरस चालते आणि पुढच्या आठ-दहा दिवसांत तीच पोरं एकमेकांच्या मांडवात आरतीला उभी असतात. आज मी ज्या विषयावर बोलणार आहे तो विषय आहे इंटरनेटवरचा. पण तो समजायला ही गल्ली फार उपयोगी पडते, म्हणून सुरुवात तिच्यापासून केली.

आमच्या भागातल्या काही मंडळींनी काही वर्षांपूर्वी इंटरनेटवर असाच एक कट्टा सुरू केला होता. एका मोठ्या, नावाजलेल्या संकेतस्थळावर ग्रुप काढला. निमित्त रक्तदानाचं होतं. कुणाला कुठल्या गटाचं रक्त हवंय, कोण देऊ शकेल, एवढीच देवाणघेवाण. मग २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेला महापूर आला. राजारामपुरी उंचावर आहे, पण नदीकाठची उपसा केंद्रं पाण्यात गेल्यामुळं शहरभर नळ कोरडे पडले. टँकर कुठल्या कोपऱ्यावर आलाय, कुणाच्या बोअरला पाणी आहे, कुठल्या शाळेत पूरग्रस्त आलेत आणि तिथं भाकरी हव्यात की पांघरुणं, हे सगळं त्या ग्रुपवर लिहिलं जाऊ लागलं. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला, तेव्हा लोकांनी जुनी पानं उलटून बघितली आणि काम निम्म्या वेळात झालं. म्हणजे तो ग्रुप आता नुसता गप्पांचा राहिला नव्हता. तो गल्लीची स्मरणवही झाला होता.

आणि एके दिवशी सकाळी तो ग्रुपच दिसेना. ज्या काकांनी तो काढला होता, त्यांचं खातं कुणीतरी चोरलं होतं. त्यावरून रात्रीत भलतंसलतं काहीतरी टाकलं गेलं, संकेतस्थळाच्या यंत्रणेनं खातं बंद केलं आणि खात्याबरोबर ग्रुपही गेला. आम्ही तक्रारीचा अर्ज भरला. यंत्रानं लिहिलेलं उत्तर आलं. पुन्हा भरला, पुन्हा तेच उत्तर. बोलायला समोर माणूसच नाही. शेवटी काका म्हणाले, "अहो, माणसं आपली, बोलणं आपलं, कट्टा आपला. पण कुलपाची चावी भलत्याच्याच हातात हुती की!"

मंडळी, काकांच्या या एका वाक्यात आजचा सगळा विषय आहे.

भाड्याच्या जागेतला संसार

आपण समाजमाध्यमांवर जे समूह उभे करतो ते जवळजवळ सगळे भाड्याच्या जागेत उभे असतात. भाडं पैशात द्यावं लागत नाही, म्हणून ते जाणवत नाही, इतकंच. मालकानं जागा विकली, धंदा बदलला किंवा दुकान बंद केलं की भाडेकरूनं उठायचं.

ही नुसती भीती नाही, असं घडत आलं आहे. ऑर्कुट अनेकांना आठवत असेल. २००४ साली सुरू झालं, कॉलेजातल्या पोरापोरींनी डोक्यावर घेतलं, गावांचे, शाळांचे, गाण्यांचे समूह तिथं निघाले. ३० सप्टेंबर २०१४ रोजी ते बंद झालं. गूगल प्लस २०१९ मध्ये सर्वसामान्य लोकांसाठी बंद झालं. याहू ग्रुप्स २०२० च्या डिसेंबरमध्ये गेलं. 'कू' हे आपल्याच देशातलं, भारतीय भाषांसाठी काढलेलं माध्यम २०२० मध्ये आलं. त्यावर मराठीतही लिहिता येत असे. जुलै २०२४ मध्ये तेही थांबलं. तेव्हा कंपनी परदेशी की देशी हा इथं मुख्य प्रश्न नाही. प्रश्न असा आहे की, समूह अनेकांचा आणि त्याचं भवितव्य एकाच्या ताळेबंदावर अवलंबून, ही रचनाच कच्ची आहे.

आता याच्या शेजारी आपल्या शहरातलं एक उदाहरण ठेवू. करवीर नगर वाचन मंदिराची स्थापना १८५० ची. पावणेदोनशे वर्षं झाली. संस्थान गेलं, इंग्रज गेले, किती पुस्तकविक्रेते आले आणि गेले, वाचनालय आहे. कारण ते कुणा एका मालकाचं दुकान नव्हतं. वर्गणी भरणारे सभासद आणि कारभार बघणारं मंडळ अशा आधारावर ते चाललं. माणसं बदलली, संस्था राहिली. इंटरनेटवरच्या समूहाला असं काही करता येईल का? गेल्या काही वर्षांत जगभर काही लोक याच प्रश्नाच्या मागं लागले आहेत. त्यांच्या प्रयत्नांना विकेंद्रित समाजमाध्यमं असं म्हणतात.

विकेंद्रित म्हणजे काय?

शब्द जड आहे, पण गोष्ट आपल्या परिचयाची आहे. ई-मेलचंच बघा. तुमचा पत्ता रेडिफचा, माझा जीमेलचा, मुलाचा त्याच्या कॉलेजचा. तिघांच्या कंपन्या वेगळ्या, तरी पत्र जातं आणि येतं. असं का होतं? कारण पत्र कसं पाठवायचं आणि कसं स्वीकारायचं याचे नियम सगळ्यांनी मान्य केलेले आहेत. १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नियमावलीवर ही पद्धत आजही उभी आहे. ई-मेलचा कुणी एक मालक नाही.

आता समाजमाध्यमांचं बघा. एका कंपनीच्या संकेतस्थळावरून दुसऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरच्या मित्राला सहसा उत्तर देता येत नाही. त्यासाठी तिथं वेगळं खातं काढावं लागतं. मुंबईहून कोल्हापूरला पत्र पाठवण्यासाठी कोल्हापुरात घर घ्यावं लागण्यासारखंच हे झालं.

विकेंद्रित माध्यमांनी ही भिंत काढली. कोल्हापूरकरांना समजेल असा दाखला देतो. आपल्याकडचा फुटबॉल घ्या. पाटाकडील तालीम, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब असे किती संघ आहेत. प्रत्येक तालमीची जागा वेगळी, रंग वेगळे, वडीलधारे वेगळे. आपल्या तालमीत कुणाला घ्यायचं आणि कसं वागायचं हे ज्याची ती तालीम ठरवते. पण शाहू स्टेडियमवर उतरलं की खेळाचे नियम सगळ्यांना एकच. म्हणून तर सामना होतो. सगळ्या तालमी मोडून एकच प्रचंड तालीम काढायची आणि तिचा एकच मालक करायचा, असं कुणी सुचवलं तर आपण त्याला वेड्यात काढू.

इथंही तसंच आहे. चोवीस तास इंटरनेटला जोडलेला जो संगणक आपलं लिखाण साठवतो आणि इतरांना दाखवतो, त्याला सर्व्हर म्हणतात. विकेंद्रित माध्यमात असे हजारो सर्व्हर असतात. एखादा विद्यापीठाचा, एखादा शहराचा, एखादा पक्षीनिरीक्षकांचा, एखादा चार मित्रांचा. प्रत्येकाची व्यवस्था वेगळी, पण आपसात बोलण्याची नियमावली सामाईक. या नियमावलीचं नाव ॲक्टिव्हिटीपब. इंटरनेटचे मानदंड ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेनं तिला जानेवारी २०१८ मध्ये मान्यता दिली.

या पद्धतीचं सगळ्यात जास्त माहीत असलेलं नाव म्हणजे मॅस्टोडॉन. ऑयगेन रोश्को या जर्मनीतल्या तरुणानं २०१६ मध्ये ते सुरू केलं. त्याचं सॉफ्टवेअर मुक्त आहे. कुणीही घ्यावं आणि आपला सर्व्हर थाटावा. तिथला पत्ता दोन भागांचा असतो. आधी तुमचं नाव आणि मग सर्व्हरचं नाव. म्हणजे माणूस आणि त्याची गल्ली. याच नियमावलीवर छायाचित्रांसाठी पिक्सेलफेड आणि व्हिडिओंसाठी पीअरट्यूब अशी माध्यमं आहेत आणि ती एकमेकांशी बोलू शकतात. ब्लूस्काय हे वेगळ्या नियमावलीवर चालणारं दुसरं माध्यम. त्याची कल्पना २०१९ मध्ये ट्विटर कंपनीतच निघाली, पुढं ते स्वतंत्र झालं आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं.

माणसं गेली आणि परत आली

भारतात मॅस्टोडॉनचं नाव पहिल्यांदा गाजलं ते २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये. सर्वोच्च न्यायालयातले वकील संजय हेगडे यांचं ट्विटरवरचं खातं बंद करण्यात आलं. त्यांनी तिथं १९३६ सालचं एक प्रसिद्ध छायाचित्र लावलं होतं. त्यात सगळा जमाव नाझी पद्धतीनं हात उंचावून सलाम करतो आहे आणि एकटा माणूस हाताची घडी घालून उभा आहे. खातं बंद झाल्याच्या निषेधार्थ अनेक भारतीय मॅस्टोडॉनवर गेले. काही दिवस गर्दी झाली. नंतर बरेचसे जुन्या जागी परतले.

२०२२ च्या ऑक्टोबरमध्ये इलॉन मस्क यांनी ४४ अब्ज डॉलरला ट्विटर विकत घेतलं, तेव्हा हेच मोठ्या प्रमाणावर घडलं. मॅस्टोडॉनच्याच आकड्यांनुसार महिनाभरात ते वापरणारे लोक सुमारे ३ लाख होते, ते नोव्हेंबरमध्ये २५ लाख झाले. पुढं त्यांतले पुष्कळ जण गळाले.

असं का झालं याचा विचार केला पाहिजे, कारण समूह वाढवण्याचं मर्म तिथंच आहे. लोक रागानं गेले, पण एकेकटे गेले. तिथं पोहोचल्यावर बघतात तर ओळखीचं कुणी नाही. दोन ओळी लिहिल्या, उत्तर आलं नाही. आठ दिवस वाट बघितली आणि परत फिरले. नवीन कॉलनीत बंगला बांधला, पण शेजार नाही, दूधवाला नाही, किराणा दुकान नाही, तर कोण राहील? घर एकट्याला बदलता येतं, पण गल्ली बदलायची तर सगळ्यांनी मिळून बदलावी लागते.

नंबर तोच, कंपनी दुसरी

आता तुम्ही म्हणाल, एका मालकाकडून उठून दुसऱ्या सर्व्हरवाल्याकडं जायचं, मग फरक काय पडला? तोही उद्या दार लावेल.

शंका रास्त आहे. तिचं उत्तर मोबाइलच्या उदाहरणानं देतो. जानेवारी २०११ पासून देशभर मोबाइलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय झाली. त्याआधी कंपनी आवडली नाही तरी लोक गप्प बसत, कारण नंबर बदलला की शेकडो जणांना कळवावं लागे. या सोयीची ताकद आपल्या जिल्ह्यानं २०२५ मध्ये बघितली. नांदणीच्या मठातली माधुरी हत्तीण गुजरातमधल्या वनतारात नेल्यावर लोक नाराज झाले आणि अनेकांनी त्या उद्योगसमूहाच्या मोबाइल कंपनीचे आपले नंबर दुसरीकडं वळवले. त्या प्रकरणात कोण बरोबर, कोण चूक हा आजचा विषय नाही. मुद्दा इतकाच की, निघून जाता येतं म्हणून ग्राहकाच्या बोलण्याला वजन येतं.

विकेंद्रित माध्यमात निघून जाण्याची अशी वाट ठेवलेली असते. मॅस्टोडॉनवर एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर जाताना तुमचे अनुयायी, म्हणजे तुमचं लिखाण वाचायला जोडले गेलेले लोक, तुमच्याबरोबर नव्या पत्त्यावर येतात. मात्र दोन गोष्टी लक्षात ठेवायला हव्यात. एक, जुनं लिखाण बरोबर येत नाही. त्याची प्रत उतरवून आपल्याकडं ठेवता येते, इतकंच. दुसरी, जुना सर्व्हर चालू असेपर्यंतच ही बदली करता येते. तो रातोरात बंद पडला तर वाट मोडली.

ब्लूस्कायनं याच्याही पुढं जायचा प्रयत्न केला आहे. तिथं स्वतःच्या मालकीचं संकेतस्थळ असेल तर त्याचंच नाव तुमचा पत्ता म्हणून वापरता येतं आणि लिखाणासह जागा बदलता यावी अशी रचना आहे. पण त्यांचे बहुसंख्य सदस्य अजून त्या कंपनीच्याच सर्व्हरवर आहेत. तेव्हा विकेंद्रित असं नाव वाचलं की लगेच निर्धास्त होऊ नये. चावी खरोखर किती हातांत आहे ते बघावं.

गल्ली वसवायची कशी?

समजा, एखाद्या वाचकमंडळाला, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांना किंवा आमच्यासारख्या रक्तदात्यांच्या गटाला अशी जागा करायची आहे. काय करावं?

पहिल्यांदा काम ठरवावं, आणि ते लहान असावं. 'कोल्हापूरविषयी सर्व काही' असं म्हटलं की कुणालाच ते आपलं वाटत नाही. 'राजारामपुरीत आज रक्त कुठं हवंय' म्हटलं की कोण येणार आणि कशाला येणार हे स्पष्ट होतं. पूर आला तेव्हा आमचा गट वाढला, कारण लोकांना तिथून उत्तर मिळत होतं. गप्पा नंतर आपोआप आल्या.

दुसरं, सर्व्हर निवडताना भाड्याचं घर बघताना विचारतो तसे प्रश्न विचारावेत. मॅस्टोडॉनच्या अधिकृत यादीत येण्यासाठी सर्व्हरला काही अटी पाळाव्या लागतात. वंशद्वेष, स्त्रीद्वेष यांसारख्या लिखाणावर प्रत्यक्ष कारवाई करायची, रोज माहितीची प्रत काढून ठेवायची, चालकाखेरीज आणखी एका तरी माणसाच्या हाती अडीनडीला चावी हवी, आणि सर्व्हर बंद करायचा झाल्यास तीन महिने आधी कळवायचं. किती साध्या अटी आहेत बघा. पण आमचा ग्रुप बुडाला तो यांतली दुसऱ्या माणसाच्या चावीची एकच अट पाळली नव्हती म्हणून.

तिसरं, एकत्र जावं. पंधरा-वीस जणांनी एक संध्याकाळ ठरवावी, कुणाच्या तरी घरी बसावं आणि तिथंच खाती उघडावीत. ज्याला येत नाही त्याला शेजारच्यानं दाखवावं. मॅस्टोडॉनवर पत्त्यातलं नाव इंग्रजी अक्षरांतच लिहावं लागतं, पण वर दिसणारं नाव मराठीत ठेवता येतं. अशा बारीकसारीक गोष्टींवर एकटा माणूस अडतो आणि सोडून देतो. जुनी जागा लगेच मोडू नये. काही महिने दोन्हीकडं सूचना द्याव्यात.

चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. मोठ्या कंपन्यांच्या माध्यमांवर काय दाखवायचं ते यंत्र ठरवतं. जे वाचून माणूस चिडेल किंवा खिळून राहील ते वर येतं. मॅस्टोडॉनवर तुमच्या समोर येतं ते तुम्ही जोडलेल्या माणसांचं लिखाण, वेळेच्या क्रमानं. हे चांगलं आहे. पण याचा दुसरा अर्थ असा की, तुम्हाला लोकांसमोर ढकलणारं कुणी नाही. लिखाण पुढं जातं ते कुणी तरी वाचून ते पुढं पाठवतं तेव्हाच. म्हणून नव्या माणसाला पहिल्या दिवशी उत्तर मिळालं पाहिजे. लग्नाच्या मांडवात दाराशी 'या, बसा' म्हणायला कुणी तरी उभं असतं, तसे दोघे-तिघे आळीपाळीनं नेमावेत.

शोधण्यासाठी हॅशटॅग नावाच्या खुणेचा फार उपयोग होतो. तिथं आपल्या ऱ्हस्व-दीर्घाची गंमत होते. 'कोल्हापूर' असा दीर्घ लिहिलेला शब्द आणि 'कोल्हापुर' असा ऱ्हस्व लिहिलेला शब्द यंत्राच्या दृष्टीनं दोन वेगळे शब्द. निम्मा गट एका खोलीत आणि निम्मा दुसऱ्या खोलीत बसून वाट बघतो! म्हणून खुणेचा शब्द आधी ठरवून सगळ्यांना कळवावा. तसंच लिहिताना भाषा मराठी अशी निवडावी, म्हणजे मराठी वाचू इच्छिणाऱ्यांना ते सापडतं.

भांडण मिटवणार कोण?

माणसं जमली की भांडणं आलीच. जून २०२३ मध्ये समाजमाध्यमांवरच्या काही स्टेटसवरून आपल्या शहरात किती तणाव झाला ते आपण विसरलेलो नाही. दगडफेक झाली, इंटरनेट बंद करावं लागलं. दोन ओळींनी शेजारी शेजाऱ्याकडं संशयानं बघू लागला. विकेंद्रित माध्यम असतं तर हे घडलंच नसतं, असं मी म्हणणार नाही. ते खोटं ठरेल.

पण एक फरक आहे. हजारो मैलांवर बसलेल्या माणसाला किंवा यंत्राला आपल्या बोलीतला टोमणा कळत नाही, कुठला शब्द थट्टेचा आणि कुठला आग लावणारा हे उमजत नाही. लहान सर्व्हरचा चालक त्याच समाजातला असतो. तो लिहिणाऱ्याला फोन करू शकतो, समजावू शकतो, नाहीच ऐकलं तर बाहेर काढू शकतो. आणि एखादा सर्व्हरच द्वेषाचा अड्डा झाला, तर बाकीचे त्याच्याशी संबंध तोडू शकतात. २०१९ मध्ये गॅब नावाच्या अमेरिकी संकेतस्थळानं मॅस्टोडॉनचं सॉफ्टवेअर वापरायला घेतलं. तिथलं लिखाण द्वेषाचं म्हणून कुप्रसिद्ध होतं. सॉफ्टवेअर मुक्त असल्यानं त्यांना अडवता येत नव्हतं. पण बहुतेक सर्व्हरांनी त्यांच्याशी बोलणंच बंद केलं.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जो चालक भांडण मिटवतो तोच उद्या गल्लीतला दादा होऊ शकतो. आपल्याला न पटणारं पुसून टाकू शकतो. म्हणून नियम लिहून ठेवावेत, ते सगळ्यांना दिसावेत आणि निर्णय एकट्यानं घेऊ नये. शिवाय हे काम मनस्ताप देणारं असतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये हजारो सदस्यांच्या एका मॅस्टोडॉन सर्व्हरच्या चालकानं सततच्या वादांना आणि शिवीगाळीला कंटाळून तो बंद करत असल्याचं जाहीर केलं. देशाचे कायदेही लागू असतातच. विकेंद्रित म्हणजे निर्नायकी नव्हे.

आणखी एक सावधगिरी. मॅस्टोडॉनवरचा खासगी निरोप कुलूपबंद नसतो. सर्व्हरचा चालक ठरवलं तर तो वाचू शकतो. एकदा लिहिलेलं इतर सर्व्हरांवर पोहोचलं की तिथून ते पुसलं जाईलच अशी खात्री नसते. तेव्हा फोन नंबर, आजार, मुलांचे फोटो अशा गोष्टी तिथं टाकू नयेत.

वर्गणीचा प्रश्न

सर्व्हरला जागा लागते, वीज लागते, देखभाल लागते. लहान गटासाठी हा खर्च महिन्याला काही शे ते काही हजार रुपयांत बसू शकतो, पण तो दर महिन्याला असतो. शिवाय संकेतस्थळाच्या नावाची नोंदणी असते. ती कुणाच्या नावावर आहे आणि कुठल्या देशाकडं आहे हेही बघावं लागतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये एका मॅस्टोडॉन सर्व्हरचं नावच गेलं, कारण ते अफगाणिस्तानच्या नोंदणीतलं होतं आणि तिथल्या राजवटीनं ते रद्द केलं.

एकच उदार माणूस खिशातून पैसे घालतो तोवर बरं चालतं. त्याची नोकरी गेली, तो आजारी पडला, की समूह अधांतरी. पुन्हा चावी एकाच हातात. यावर उपाय काय? तो कोल्हापूरला मी सांगायची गरज नाही. सोशल डॉट को-ऑप नावाचा एक सर्व्हर २०१७ पासून चक्क सहकारी तत्त्वावर चालतो. सभासद वर्गणी देतात, ठराव मांडतात, मतदान करतात आणि चालक त्याप्रमाणं काम करतात. परदेशात याचं कौतुक होतं. ज्या जिल्ह्यात १९६३ पासून गावोगावच्या दूध संस्थांनी मिळून 'गोकुळ' उभं केलं, त्या जिल्ह्याला यात नवल ते काय? सहकारात गटबाजी कशी होते, हिशेब कुठं घसरतो, सभा कशी गुंडाळली जाते, तेही आपल्याला ठाऊक आहे. म्हणजे गुण आणि दोष दोन्हींचा अनुभव घरचाच आहे. तो संगणकाकडं वळवायचा इतकंच.

कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, व्हॉट्सॲप आहे की. जरूर आहे, आणि निरोपासाठी ते सोयीचंही आहे. पण तिथं ग्रुपला १,०२४ माणसांची मर्यादा आहे, दोन वर्षांपूर्वीचं शोधायला गेलं तर 'सुप्रभात'च्या ढिगाऱ्यातून शोधावं लागतं, आणि नव्यानं आलेल्या माणसाला आधीचं सहसा दिसतच नाही. शिवाय चावी पुन्हा एकाच कंपनीकडं.

आमच्या गटाचं पुढं काय झालं ते सांगून थांबतो. आम्ही सगळे काही नव्या जागी गेलो नाही. सतरा जण गेले. बाकीचे व्हॉट्सॲपवरच आहेत आणि दोन्हीकडं सूचना देण्याचं काम दोघी-तिघी वहिनी करतात. रक्तदात्यांची नावं आणि नंबर आता इंटरनेटवर नाहीत. ते एका जाड वहीत आहेत आणि तिच्या दोन प्रती दोन घरांत आहेत. खात्याचा पासवर्ड तिघांकडं आहे. पुराच्या वेळचं लिखाण मात्र गेलं ते गेलंच. टँकरचे कोपरे, बोअर असलेली घरं, मदतीला धावलेल्या पोरांची नावं आठवून आठवून आम्ही पुन्हा लिहितो आहोत. काका रोज संध्याकाळी दोन ओळी सांगतात, कुणी तरी टिपून घेतं. सगळं आठवत नाही.

तुमचाही असा एखादा समूह असेल. गावाचा, शाळेचा, भजनी मंडळाचा. तो कुठल्या माध्यमावर असावा हे तुम्ही ठरवा. पण आज रात्री झोपण्यापूर्वी एवढं विचारा की, त्याची चावी कुणाकडं आहे, दुसरी चावी आहे का, आणि त्यातल्या मोलाच्या गोष्टींची प्रत कुणाच्या घरात आहे. उत्तर मिळालं नाही, तर उद्या सकाळी कट्ट्यावर तोच विषय काढा.